चांदीचे बूट लाल का झाले? कादंबरीचं माध्यमांतर तपासण्याची पद्धत

एल. फ्रँक बॉम यांच्या 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' या १९०० सालच्या पुस्तकात, वादळाने कॅन्ससहून ऑझ या जादूच्या देशात जाऊन पडलेल्या डोरोथी या मुलीच्या पायात चांदीचे बूट आहेत. एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीने १९३९ साली काढलेल्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले. पटकथाकार नोएल लँगली यांनी मसुद्यात 'चांदी'च्या जागी 'माणिक' आणलं. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रावर एवढा पैसा ओतायचा तर पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चालणारे पाय डोळ्यांत भरायला हवेत, आणि पिवळ्यावर लाल जसं उठून दिसतं तसं चंदेरी दिसत नाही.

असे फरक टिपणं सोपं आहे. दोन संध्याकाळी बसलं तर चाळीस फरकांची यादी होते, पण तिच्यातून काही कळत नाही. खरा प्रश्न दुसरा आहे: पुस्तकात ही गोष्ट कोणतं काम करत होती, आणि चित्रपटात ते काम कोणाकडे गेलं? कधी ते रंगाकडे जातं, कधी गाण्याकडे, कधी नव्याच पात्राकडे. आणि कधी ते कुणाकडेच जात नाही. माध्यमांतराचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाभोवती फिरतो. पुढची पद्धत 'ऑझ'वर करून दाखवली आहे, पण ती कोणत्याही बालकादंबरीला लागू पडते.

तयारी

मूळ संहिता पूर्ण हवी. 'ऑझ'ची छोटी, चित्रमय रूपं पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही चित्रपटाच्याच अंगाने जातात. प्रत पारखायच्या दोन खुणा आहेत. पुस्तकात २४ प्रकरणं असावीत, आणि दुसऱ्या प्रकरणात बूट चांदीचे असावेत. ते लाल असतील तर तुम्ही चित्रपटाची चित्रपटाशीच तुलना करणार आहात. मूळ इंग्रजी पुस्तकाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ते पूर्ण आणि मोफत मिळतं.

आता थोडं गणित. पुस्तक सुमारे चाळीस हजार शब्दांचं आहे. मोठ्याने वाचलं तर पाच तासांच्या आसपास लागतात, म्हणजे प्रकरणामागे बारा-तेरा मिनिटं. चित्रपट १०२ मिनिटांचा आहे, म्हणजे प्रकरणाच्या वाट्याला सरासरी सव्वाचार मिनिटं येतात. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'अमुक प्रसंग का गाळला' म्हणून राग येईल तेव्हा ते कामी येतात. गाळावं लागणारच होतं. हेच का गाळलं आणि ते का ठेवलं, एवढाच प्रश्न उरतो.

चित्रपट आधीच पाहिलेला असेल तर पुस्तक उघडण्यापूर्वी आठवेल तेवढी कथा एका पानावर लिहा आणि ते पान बाजूला ठेवा. चित्रपट डोक्यात असला की वाचताना पानावर नसलेलंही दिसायला लागतं. नंतर हे पान पुस्तकाशी ताडून पाहिलं की तुमचं वाचन कुठे घसरलं ते कळतं.

प्रकरणांची कार्डं

पोस्टकार्डाच्या आकाराची २४ कार्डं घ्या, प्रकरणाला एक. प्रत्येकावर पाच ओळी लिहा: प्रसंग कुठे घडतो, कोणाला काय हवं आहे, आड कोण येतं, प्रकरण संपताना काय बदललेलं असतं, आणि डोळ्यांना दिसणारी एक ठळक वस्तू. सहावी ओळ लाल शाईने लिहा. निवेदक असं काय सांगतो, जे कोणत्याही पात्राच्या तोंडी नाही?

ही लाल ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण कॅमेऱ्याला नेमकं तेच सहज सांगता येत नाही. पहिलंच प्रकरण घ्या. कॅन्ससचं माळरान करडं, घराचा रंग उडून तेही करडं. एम काकू लग्न होऊन आली तेव्हा तरुण, देखणी होती. ऊनवाऱ्याने तिच्या डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली नेली, आता ती हसत नाही. हे कोणीही कोणाला बोलून दाखवत नाही, निवेदक सांगतो. चित्रपटात हे सगळं काम फिल्मच्या रंगाने उचललं आहे. कॅन्ससचा भाग तपकिरी छटेत आहे आणि डोरोथी ऑझमध्ये दार उघडते तेव्हा पडदा रंगीत होतो. एम काकू मात्र इथे बदलली आहे. ती कोमेजलेली नाही. ती कामाच्या घाईत आहे, पिल्लं मोजते आहे. म्हणजे लाल ओळीचा अर्धा भाग पोचला आणि अर्धा वाटेत गळाला. दोन्ही नोंदी करा.

रंगाची ही कल्पना चित्रपटवाल्यांना शून्यातून सुचली, असं सहज वाटतं. पण पहिल्या आवृत्तीत डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांची चित्रं प्रदेशागणिक रंग बदलतात: कॅन्ससला करडा, ऑझमधल्या मंचकिन लोकांच्या मुलखात निळा, जादूगाराच्या पाचूनगरीला हिरवा. छपाईत जे होतं ते चित्रपटाने प्रकाशात केलं. म्हणून जुन्या सचित्र आवृत्तीची पानं मिळतील तिथे आवर्जून पाहा. नुसता मजकूर वाचणाऱ्याला हा दुवा सापडत नाही.

चित्रपट पाहण्याचे तीन फेरे

पहिल्या फेऱ्यात न थांबता पाहा, वही बंद. दुसऱ्या फेऱ्यात जागा किंवा वेळ बदलली की थांबवून मिनिट लिहा आणि प्रसंगाला दोन-चार शब्दांचं नाव द्या. तिसऱ्या फेऱ्यात कुठलीही दहा मिनिटं आवाज बंद करून पाहा. संवाद गेल्यावर जे कळतं ते चित्राने सांगितलेलं असतं.

दुसऱ्या फेऱ्यानंतर मिनिटांची बेरीज करा. 'ऑझ'मध्ये पडदा रंगीत होतो साधारण विसाव्या मिनिटाला. पुस्तकात कॅन्ससला सुरुवातीचं एकच प्रकरण मिळतं, चोविसातला एक वाटा. चित्रपटात मात्र पाचवा हिस्सा. जिथे वाटा असा फुगतो तिथे चित्रपटाने स्वतःचं काहीतरी आणून ठेवलेलं असतं.

पाच खुणा

आता कार्डं आणि मिनिटांची यादी शेजारी मांडा आणि प्रत्येक फरकाला पाचांपैकी एक खूण द्या: गेलं, आलं, हललं, जोडलं, उलटलं.

'गेलं' सोपं आहे. डोरोथीला घरी नेणारा जादूगाराचा फुगा तिला न घेताच उडून गेल्यावर पुस्तकात आणखी प्रवास आहे. झुंजणारी झाडं, चिनी मातीच्या माणसांचा देश, तिच्यासोबतच्या सिंहाने मारलेला प्रचंड कोळी, डोक्याने धडक देणारे हॅमरहेड्स. चित्रपटात यातला जवळजवळ काहीच नाही. रोज झोपताना एक प्रकरण वाचणाऱ्या मुलाला प्रत्येक रात्री नवं संकट चालतं, तेच हवं असतं. सलग बसलेल्या प्रेक्षकाला मात्र मोठा शत्रू मेल्यावर पुन्हा पाय तुडवायला लावलं की तो चुळबुळतो. इथे एक चूक हमखास होते. झुंजणारी झाडं 'गेली' असं लिहिलं जातं. ती गेलेली नाहीत. सफरचंदं फेकणारी झाडं होऊन ती टिनचा लाकूडतोड्या हा सोबती भेटण्याच्या आधी येतात, म्हणजे 'हललं'. कार्ड फाडण्यापूर्वी ते दुसरीकडे कुठे बसतं का ते पाहा.

'हललं'चं सगळ्यात सुंदर उदाहरण एक वाक्य आहे. घरासारखी दुसरी जागा नाही, हे पुस्तकातही आहे, पण चौथ्या प्रकरणात, वाटेत भेटलेल्या बुजगावण्याशी बोलताना, ओघात आलेलं. परत जाताना डोरोथी बुटांना फक्त एम काकूकडे न्यायला सांगते. चित्रपटाने ते साधं वाक्य उचलून शेवटी मंत्राच्या जागी ठेवलं, आणि गप्पांतलं बोलणं कथेचं तात्पर्य झालं. शब्द तेच, वजन पार बदललं. म्हणून वाक्य आहे की नाही एवढंच पाहू नका, ते कितव्या मिनिटाला येतं तेही पाहा.

पश्चिमेची दुष्ट चेटकीणही अशीच हलली आहे. पुस्तकात ती प्रत्यक्ष येते बाराव्या प्रकरणात आणि त्याच प्रकरणात मरते, म्हणजे पुस्तकाच्या बरोबर मध्यावर. चित्रपटात ती मंचकिनांच्या गावापासूनच पाठीमागे लागते आणि मरते तेव्हा साधारण पाव तास उरलेला असतो. त्यामुळे सुट्या संकटांची माळ जाऊन एक सलग पाठलाग आला.

'आलं' या खुणेखाली मिस गल्च, शेतावरचे तीन गडी, भविष्य सांगणारा प्रोफेसर मार्व्हल आणि इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचं गाणं येतं. ही चार नावं वेगवेगळी वाटतात, पण त्यांचं काम एकच आहे. पुस्तकातल्या डोरोथीला कुठेही जायचं नसतं. तिचा कुत्रा टोटो पलंगाखाली लपतो, त्याला काढण्यात तिला उशीर होतो आणि वादळ घर उचलून नेतं. एवढंच. पुस्तकाला ते पुरतं. चित्रपटाला नायिकेची इच्छा हवी होती, म्हणून कुत्रा हिरावणारी बाई आली, घरातून पळणं आलं, आणि 'इथून दूर जावं' ही ओढ हॅरल्ड आर्लेन यांच्या चालीवर, ई. वाय. हार्बर्ग यांच्या शब्दांत आली. गाणं आलं की विचारा, ते काढलं तर पुढचा कोणता प्रसंग कळेनासा होईल? हे गाणं काढलं तर शेवटच्या परतीला अर्थच उरत नाही. उत्तर 'कुठलाच नाही' असं आलं, तर गाणं फक्त विसाव्यासाठी आहे. तेही नोंदवा.

टाके कुठे दिसतात

'जोडलं' या खुणेवर जास्त वेळ द्या. दोन पात्रांचं एक केलं की पात्रांची संख्या कमी होते, पण शिवण कुठेतरी ताणली जातेच.

पुस्तकात उत्तरेची भली चेटकीण म्हणजे एक बुटकी म्हातारी. ती डोरोथीच्या कपाळावर रक्षणाची खूण म्हणून ओठ टेकते. बुटांत काही जादू आहे एवढंच तिथे माहीत असतं; ती कोणती, हे कुणालाच ठाऊक नसतं. बुटांचं रहस्य ठाऊक असलेली ग्लिंडा दक्षिणेची, आणि ती भेटते थेट तेविसाव्या प्रकरणात. तिथवर जायला डोरोथीला सगळा देश पालथा घालावा लागतो. यात कुठेही फट नाही.

चित्रपटाने या दोघींची एकच ग्लिंडा केली. ती सुरुवातीला बूट चढवून देते आणि शेवटी सांगते की परत जायची शक्ती तुझ्यापाशी पहिल्यापासूनच होती. मग आधी का नाही सांगितलं? हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. पटकथेलाही ही फट दिसली होती. म्हणून बुजगावणं तोच प्रश्न विचारतं आणि ग्लिंडा उत्तर देते की सांगून हिला पटलं नसतं, हे तिचं तिलाच शिकायचं होतं. हा ठिगळाचा संवाद आहे. असा, प्रेक्षकाच्या शंकेचं निरसन करण्यापुरता संवाद दिसला की मागे जाऊन काय जोडलं गेलं ते शोधा.

टाका कधी वस्तूतही राहतो. चित्रपटात डोरोथीचा झगा निळ्या-पांढऱ्या चौकडीचा आहे, पुस्तकातल्यासारखाच. पण पुस्तकात त्याला कारण आहे. निळा मंचकिनांचा रंग आणि पांढरा चेटकिणींचा, म्हणून तो झगा पाहून लोक तिला मैत्रीण मानतात. चित्रपटात झगा राहिला, कारण गळालं. असे अवशेष वेगळ्या पानावर जमवा.

'उलटलं': इथे घाई करू नका

यात घटना तीच राहते, पण तिचा अर्थ फिरतो. फरकांच्या यादीत ती नेमकी निसटते, कारण वरवर दोन्हीकडे सारखंच घडतं: डोरोथी बादलीभर पाणी फेकते आणि चेटकीण विरघळते.

पुस्तकात चेटकीण स्वयंपाकघरात जमिनीवर लोखंडी कांब टाकून ती अदृश्य करते. डोरोथी अडखळते, एक बूट निघतो, चेटकीण तो बळकावते. डोरोथी बूट परत मागते, ती देत नाही, आणि मुलगी संतापून बादली उचलते. चित्रपटात चेटकीण बुजगावण्याला आग लावते आणि ती विझवताना पाणी उडतं. संतापाची जागा अपघाताने घेतली. मूल रागावू शकतं, त्या रागाचा भयंकर परिणाम होऊ शकतो आणि तरी ते मूल वाईट ठरत नाही, ही पुस्तकातली धीट गोष्ट इथे गेली. जादूगाराची अटही अशीच मऊ झाली आहे. पुस्तकात तो चेटकिणीला ठार कर म्हणतो, चित्रपटात तिचा झाडू आण म्हणतो.

आणि सगळ्यात मोठी उलट शेवटची. पुस्तकात ऑझ खरा आहे. डोरोथी परतते तेव्हा हेन्री काकांनी नवं घर बांधलेलं असतं, बूट वाळवंटावरून उडताना गळून पडलेले असतात. चित्रपटात ती बिछान्यात जागी होते, आणि तीन गडी आणि मार्व्हल हेच ऑझमधले सोबती आणि जादूगार होते असं दिसतं. रे बोल्जर, जॅक हेली आणि बर्ट लार यांना दोन-दोन भूमिका, फ्रँक मॉर्गन यांना पाच. भूमिकांची ही वाटणी म्हणजेच तो अर्थ. म्हणून नामावली शेवटपर्यंत वाचा. एकाच नटाकडे दोन पात्रं दिली असतील तर ती सहसा योगायोगाने दिलेली नसतात.

मधली रूपं आणि कारणांचा रकाना

चित्रपट थेट पुस्तकावरूनच झाला असं गृहीत धरू नका. अफूच्या शेतात झोपलेल्या सिंहाला पुस्तकात हजारो उंदीर गाडीवरून ओढून बाहेर काढतात. चित्रपटात बर्फ पडतो आणि सगळे जागे होतात. हा बर्फ १९३९चा नाही, १९०२ साली शिकागोत रंगभूमीवर आलेल्या संगीत नाटकातला आहे. गड्यांनी बुजगावणं वगैरे होण्याची कल्पनाही १९२५च्या मूकपटात आधीच येऊन गेली होती. पुस्तक आणि चित्रपट यांमधली सगळी रूपं सालवार लिहून काढा. अर्ध्या बदलांचं मूळ तिथे असतं.

कारणांसाठी वेगळा रकाना ठेवा: लांबी, तंत्र, नट, बाजार, आधीचं रूप. ज्युडी गार्लंड चित्रीकरणाच्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. पुस्तकातली डोरोथी बरीच लहान आहे. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' १९३७च्या अखेरीस आला आणि धो धो चालला, त्यानंतर एमजीएमने 'ऑझ'चे हक्क घेतले. कारणाला आधार असेल तरच शाईने लिहा. नुसता तर्क असेल तर पेन्सिलने.

उरलेली कार्डं

शेवटी काही कार्डं उरतील, ज्यांचं काम कुणीच उचललं नाही. नुकसान मोजायचं तर इथेच मोजा. 'ऑझ'मध्ये त्यात हिरव्या चष्म्याचं कार्ड आहे. पुस्तकात पाचूनगरीत शिरताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा कुलपाने बसवतात. नगरी इतर कुठल्याही शहराहून जास्त हिरवी नसते, चष्म्यामुळे तशी दिसते, आणि हे जादूगार स्वतःच कबूल करतो. म्हणजे त्याची लबाडी एका पडद्यापुरती नाही, ती सगळ्या शहराच्या डोळ्यांवर आहे. चित्रपटातली नगरी खरोखरच हिरवी आहे. हे काम कोणाकडेही गेलेलं नाही.

मराठीत करून पाहायचं तर

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात ४२ रात्री आहेत, म्हणून ४२ कार्डं. लाल ओळ इथे जवळजवळ प्रत्येक कार्डावर भरेल, कारण मोठा झालेला, आई गमावलेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना हे सांगतो आहे. खोडी लहान मुलाची, सांगणारा आवाज पोरक्या माणसाचा. आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटात वनमाला आणि माधव वझे समोर उभे राहतात तेव्हा या आवाजाचं काम कोणाकडे जातं, ते मिनिटांसह टिपा. 'छडी लागे छमछम' पुस्तकात नाही. त्याला 'आलं'ची खूण द्या आणि वरचीच गाण्याची परीक्षा लावा. मग सुजय डहाके यांचा २०२३चा चित्रपट पाहा. तो कृष्णधवल आहे आणि त्यात मोठे झालेले साने गुरुजी पडद्यावर आहेत. एकाच पुस्तकाची दोन रूपं हाताशी असली की निवेदकाचं कार्ड दोन्हीकडे कुठे बसतं ते नेमकं दिसतं. सहावी रात्र, 'थोर अश्रू', मुद्दाम तपासा. आईचा ओला पदर आणि त्यावर ठेवलेली पावलं हे चित्र पुस्तकातच तयार आहे, त्यामुळे दिग्दर्शकाने त्यात काय वाढवलं किंवा काय आवरलं ते चटकन कळतं.

मुलांना घेऊन बसणार असाल

नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सगळं पुस्तक घेऊ नका. 'ऑझ'ची पाच प्रकरणं पुरतात: पहिलं, दुसरं, अकरावं, बारावं आणि तेविसावं. पाच दिवसांत रोज एक मोठ्याने वाचा. सहाव्या दिवशी चित्रपटाचे त्याच प्रसंगांचे तुकडे दाखवा, मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. 'कोणतं आवडलं?' असं विचारू नका. मुलं जे सगळ्यात नवं पाहिलं त्याचंच नाव घेतात आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी बाराव्या प्रकरणाचं कार्ड एका गटाला द्या आणि पाण्याच्या बादलीचा प्रसंग तीन ओळींत तिसऱ्या पद्धतीने लिहायला सांगा. पाणी फेकलं जायला हवं, पण रागानेही नाही आणि अपघातानेही नाही. पाच मिनिटांत मुलं 'मग ती फेकेल तरी का?' यावर वाद घालू लागतात. तेव्हा मध्ये बोलू नका, फक्त त्यांची कारणं फळ्यावर लिहीत राहा.